डावा खांब

नवीन तुकडी आली की पहिले काही आठवडे आम्ही मुलांना काहीच बनवू देत नाही. प्रत्येकाच्या हातात लाकडाचा एक ठोकळा आणि एक रंधा देतो आणि सांगतो, याची एक बाजू सपाट करून आण. मुलांना वाटतं, हे जेवणाच्या सुटीपर्यंत उरकेल. ठोकळा घेऊन पोरगा आला की मी त्यावर गुण्या ठेवतो. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी साधन. मग ठोकळा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. फलटणकडच्या एका ऊसवाल्याचा मुलगा होता, अंगानं दांडगा. त्याचा ठोकळा रंधून रंधून पट्टीएवढा उरला, तेव्हा तो माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "आवं सर, लाकूड संपत आलं, पण तुमचा उजेड काय संपंना." सगळी कार्यशाळा हसली. मीही हसलो आणि त्याला नवा ठोकळा दिला.

सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी सुतारकामाचा निदेशक आहे. मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या घरात शेती आणि फौज, सुतार कुणी नाही. मीही आयटीआयमध्येच शिकलो आणि पुढे तिथेच शिकवायला लागलो. म्हणजे मला जे येतं ते फळ्यावरून, पुस्तकातून आणि साहेबांच्या शिव्यांतून आलेलं आहे. ते कमी आहे असं मी म्हणणार नाही. कुसाचा सांधा, म्हणजे एका लाकडाला जीभ आणि दुसऱ्याला तिच्या मापाचं भोक, मी असा बसवतो की खिळा न मारता तो दोन माणसांनी ओढला तरी निघत नाही. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

संकोच वेगळ्याच गोष्टीचा वाटतो. सुतारकामाला आपण होऊन कुणी येत नाही. इलेक्ट्रिशियन भरलं, फिटर भरलं की राहिलेली मुलं आमच्याकडे बघतात. जागा रिकाम्या राहिल्या तर तुकडी बंद पडते, म्हणून दर उन्हाळ्यात मी गावोगाव हिंडतो. पारावर, दूध डेअरीत, सोसायटीच्या ओट्यावर बसून आईबापांना सांगतो की पोराच्या हाताला कायमचं काम मिळेल. मिळतंही. पण बहुतेकांना ते पुण्यात नाहीतर कोल्हापुरात, प्लायवुडला स्क्रू मारायचं मिळतं. तिथे माझा कुसाचा सांधा कुणी विचारत नाही. हे मला माहीत असतं, आणि मी ते पारावर सांगत नाही.

जत तालुक्यात अशाच एका फेरीत मला महादेवी भेटली. तिचे वडील बिराप्पा मेंढरं राखायचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. मी बोलत होतो मुलांच्या बापांशी, आणि मागे उभी असलेली ही मुलगी म्हणाली, "पोरींना घेता का?" मी घेतो म्हणालो. खरं तर माझी एक जागा भरत होती, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

तुकडीत ती एकटीच मुलगी. पहिल्यांदा मुलांनी चेष्टा केली, मग ती त्यांच्या पटाशीला, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीला, धार लावून द्यायला लागली तेव्हा त्यांनीच रांग लावली. तिच्या हातात घाई नव्हती. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला वाट बघायची सवय असते, ती तिच्यात होती. परीक्षा झाल्यावर मी तिला विचारलं, पुण्याला ओळखीनं कुठे लावू का? ती म्हणाली, नको. गावात नवी घरं होतायत, चौकटी आणि दारं बाहेरून येतात, ती मी करीन. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी, मी पारावर जे सांगतो ते खरं करून दाखवणार होतं.

तिला पहिलं काम दिलं सत्यव्वानं. सत्यव्वा तिच्याच गावची, साठी ओलांडलेली बाई. नवरा वारलेला. एकुलता मुलगा मल्लाप्पा फौजेत. जुन्या दोन खोल्या पाडून तो नवं घर बांधत होता. अंगणातला कडुलिंब घराच्या पायाच्या जागेत येत होता, तो तोडावा लागला. तो लिंब सत्यव्वाच्या नवऱ्यानं लावलेला. ती म्हणाली, झाड जातंय तर जाऊ दे, पण त्याचीच चौकट दाराला लागली पाहिजे. कडुलिंबाला कीड लागत नाही, चौकटीला ते चांगलंच लाकूड. वखारीतून कापून आणलेले दोन उभे खांब, वरचं आडवं लाकूड आणि खालचा उंबरा, असे चार नग तिच्या अंगणात ताडपत्रीखाली सुकत ठेवले होते.

बाईमाणसानं चौकट करायची याला गावात विरोध झाला. सत्यव्वा त्या लोकांना म्हणाली, "अडल्याली मेंढी मोकळी करती ती. तवा तुमी कुणी इचारत न्हाईसा, बाईमाणूस हाय का बापय म्हणून." तिच्या तोंडावरचा विरोध थांबला, पण मागची कुजबुज थांबली नाही. शेजारच्या दोघांनी आपल्या खिडक्यांचं काम महादेवीला सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, ही चौकट कशी होते ते आधी बघू.

माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या कामाला मी जातो. माझाच पायंडा आहे तो. मल्लाप्पाची रजा संपत आली होती, मुहूर्त धरलेला होता, म्हणून मी दोन दिवस आधीच जाऊन पोचलो. महादेवी पटाशीला धार लावत होती. मी म्हणालो, तू तेवढं कर, मी तोवर खुणा करून ठेवतो.

आता पुढचं कळण्यासाठी आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली पुस्तकातली. लाकडाच्या एका टोकाला चीर असेल तर ते टोक जमिनीकडे घेऊ नये. खाली ओल असते, चिरेत पाणी मुरतं आणि खांब खालून कुजतो. दुसरी गोष्ट पुस्तकात नाही, पण या भागातल्या प्रत्येक गावात आहे. झाड जसं शेतात उभं होतं, तसंच लाकूड घरात उभं राहिलं पाहिजे. बुडखा खाली, शेंडा वर. उलटा खांब लागलेल्या घरातला माणूस बाहेर गेला तर परत येत नाही, असं म्हणतात. मी ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगतो, पण गावातली समजूत म्हणून, हसत, तास संपता संपता. परीक्षेत त्यावर प्रश्न नसतो.

डाव्या खांबाच्या एका टोकाला वीतभर चीर होती. मी तो खांब फिरवला, चिरेचं टोक वर घेतलं आणि पेन्सिलनं खुणा केल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालले. ते टोक बुडख्याचं होतं का शेंड्याचं, हे मी पाहिलंच नाही. महादेवी आली, तिनं माझ्या खुणांवर करवत धरली. सरांनी केलेल्या खुणा कोण तपासतं?

मुहूर्ताच्या सकाळी चौकट जोडून उभी केली, मागेपुढे टेकू दिले. विटा अजून चढल्या नव्हत्या. सत्यव्वानं दोन्ही खांबांना तेल लावलं, हळदीकुंकू वाहिलं. मल्लाप्पानं नारळ फोडला. मग त्यानं मला फेटा बांधला. मी म्हणालो, काम महादेवीचं आहे. तो म्हणाला, "तिला आईनं साडी आणलीया, तुमी गुरू, तुमाला फेटा." मी डोकं पुढे केलं.

त्या गावात एक रीत आहे. पूजा झाली की घरातलं वडील माणूस सगळ्यांसमोर सुताराला विचारतं, आणि सुतारानं खांबांना हात लावून उत्तर द्यायचं.

सत्यव्वानं विचारलं, "पोरी, झाड उभं हाय का?"

तेल लावलं की लाकडाच्या रेषा उठून दिसतात. एकात एक बसवलेल्या डोंगरांसारखी नक्षी असते ती, आणि त्या डोंगरांची टोकं नेहमी शेंड्याकडे असतात. उजव्या खांबाचे डोंगर वर बघत होते. डाव्या खांबाचे खाली. मी ते अगदी स्पष्ट पाहिलं.

महादेवीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"उभं हाय," ती म्हणाली.

त्या क्षणी सांगितलं असतं तर टेकू काढून, खांब फिरवून, कुसं बदलून संध्याकाळपर्यंत चौकट परत उभी करता आली असती. मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं दिली. लोक टपलेले होते, पोरीचं पहिलंच काम होतं, मल्लाप्पाची गाडी चुकली असती, आणि शेवटी ती एक समजूतच आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. पण माझ्या डोक्यावर नुकताच फेटा बांधला होता, हेही खरं आहे, आणि ते मी इतर कारणांच्या आधी लिहायला हवं होतं.

मल्लाप्पा कामावर गेला. भिंती चढल्या. काही आठवड्यांनी मी कार्यशाळेत असताना महादेवीचा फोन आला. दार बसवण्यासाठी ती खांब घासत होती. हळदकुंकू निघालं आणि खालच्या रेषा दिसल्या.

"सर, डावा खांब उलटा हाय," ती म्हणाली.

मी तिला चिरेचा नियम समजावून सांगितला. तांत्रिकदृष्ट्या आपलं बरोबर आहे, म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, गडद पॉलिश मार, रेषा दिसणार नाहीत, आणि कुणाला सांगू नकोस.

 ती म्हणाली, "सर, 'उभं हाय' असं मी म्हणालेय." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. मी समजलो की तिनं पॉलिश मारलं असेल. मला तसं समजायचं होतं.

खरं काय झालं ते बिराप्पानं सांगितलं. एके दुपारी तो आमच्या संस्थेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं नव्हतं, म्हणून मीच बाहेर गेलो. महादेवीनं मला फोन केला त्याच दिवशी जाऊन सत्यव्वाला खांब उलटा असल्याचं सांगितलं होतं. चूक माझी, म्हणाली, मी फिरवून देते, विटा मी काढते. सत्यव्वानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की लेक परमुलखात असताना घराच्या दाराला हात लावायचा नाही. तो रजेवर येईल तेव्हाच बघू. तेव्हापासून म्हातारी पुढच्या दारानं ये-जा करत नव्हती, मागच्या मोरीच्या बाजूनं करत होती. खिडक्या सांगितलेल्या दोघांनी काम बाहेर दिलं. गावात महादेवीला कुणी साधा पाट सांगेना. ती परत मेंढरांमागे जायला लागली होती.

बिराप्पा रागावला नव्हता. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "सर, पोरीला आमी इतकं शिकाय धाडलं. बुडखा कुठला नि शेंडा कुठला, एवढं तर आमी मेंढकं बी सांगतो. तुमी शिकवलं न्हाई का तिला?"

मी त्याला म्हणालो, "बिराप्पा, ती खूण माझी होती."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "मंग हितं काय सांगताय मला? चला गावात."

त्याच्याच बरोबर एस.टी.नं गेलो. सत्यव्वा अर्धवट घराच्या मागच्या पडवीत ज्वारी पाखडत होती. शेजारचे दोघेतिघे माझ्यामागे येऊन उभे राहिले. महादेवीला बिराप्पानं बोलावून आणलं. मी सांगितलं की खांब मी फिरवला, खुणा मी केल्या, पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवून कापलं.

सत्यव्वानं सूप खाली ठेवलं आणि महादेवीला विचारलं, "मंग तू यांचं नाव का घेतलं न्हाईस गं?"

"खूण सरांची," महादेवी म्हणाली. "पण कापलं मी, आन सगळ्यांसमोर बोलले मी."

म्हातारी माझ्याकडे वळली. "मास्तर, मुहूर्ताला तुमाला दिसलं हुतं का?"

दिसलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. मी त्या रेषा तेव्हाच पाहिल्या होत्या, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "दिसलं होतं."

 शेजाऱ्यांपैकी एकजण खाकरला. सत्यव्वानं सूप पुन्हा उचललं. "मल्ल्या येस्तवर असंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी पोराला काय सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका. तितं उभ्या माणसाला घरचा घोर नको."

मी कबूल केलं म्हणून महादेवीला लगेच काम मिळालं, असं झालं नाही. लोक म्हणाले, मास्तर पोरीला वाचवतोय. आणि जे मला खरं मानत होते ते म्हणाले, मास्तरलाच येत नाही तर पोरीला काय येणार. आता सगळं मल्लाप्पाच्या येण्यावर अडलं होतं.

तो काळ कसा गेला हे सांगणं मला अवघड आहे. मी पुस्तकातून शिकलेला माणूस. एका लाकडाचं टोक खाली-वर झाल्यानं शेकडो कोसांवरच्या जवानाला काही होत नाही, हे मला पूर्ण कळतं. पण टीव्हीवर सीमेची बातमी लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो वाजू द्यायचो. माझ्या बायकोनं विचारलं, तुम्हाला झालंय काय? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या माउलीची रोजची काय अवस्था असेल, याचा विचार केलात का? मी केला नव्हता. मला तोवर माझाच घोर होता.

मल्लाप्पाची रजा एकदा मंजूर होऊन रद्द झाली. तेव्हा मी पहिल्यांदाच, गावात न जाता, सत्यव्वाला फोन केला. मी नुसतं माझं नाव सांगितलं. तीच म्हणाली, "यील. तुमी जेवलासा का?"

तो आला यंदाच्या उन्हाळ्यात. बिराप्पानं कळवलं तसा मी पहिल्या गाडीनं निघालो. पोचलो तर मल्लाप्पा घरासमोर, शेजाऱ्याच्या मेंढ्यांच्या वाड्यात, आपल्या काळ्या ट्रंकेवर बसून चहा पीत होता. म्हातारीनं त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. दोन दिवसांच्या प्रवासानं त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, "सर, बसा. फौजेत बी असंच असतंय. गेट उघडस्तवर भायेर थांबायचं." मग आवाज उतरवून म्हणाला, "पर आईला वरीसभर मागच्या दारानं हिंडवलंसा तुमी."

मी बसलो नाही, दाराकडे गेलो. 

महादेवीनं डाव्या बाजूच्या विटा काढायला सुरुवात केली होती. मी शर्ट काढला आणि विटा उचलून रचायला लागलो. तिनं मला दुसरं काही काम सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अडचण तीच होती, जी मी खांब फिरवून टाळली होती. बुडखा खाली घेतला की चीर खाली येणार. महादेवीनं मेंढरांमागे हिंडताना त्याचा विचार करून ठेवला असावा. तिनं चिरेचा भाग सरळ कापून टाकला. जेवढी उंची कमी झाली, तेवढ्या उंचीची काळ्या दगडाची घडीव बैठक तिनं वडाराकडून आधीच करून घेतली होती. खांब त्यावर बसवला. ओल आता लाकडाला लागणारच नव्हती. मला अभिमान वाटला, पण तो दाखवायचा हक्क आपल्याला उरला आहे का, हे कळेना, म्हणून मी विटांवरचं जुनं सिमेंट खरवडत राहिलो.

दुपार कलताना मल्लाप्पा आपल्या घरात गेला. त्याच्यामागून म्हातारी गेली. शेजारच्या दोघांपैकी एकजण दगडाच्या बैठकीवर हात फिरवून बघत होता. त्याची गच्चीवरची खोली बांधायची होती. तो दाराच्या मापाबद्दल मला विचारायला लागला. मी म्हणालो, तिला विचारा. तो थोडा घुटमळला आणि मग महादेवीकडे गेला. ती गुडघे टेकून भुसा गोळा करत होती. तिनं उठून टेप काढली.

जेवणं झाल्यावर महादेवी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. मी तिला म्हणालो की पुढच्या कामाला मला कळव, मी येईन, नुसता बसून राहीन, हात लावणार नाही.



"सर, तुमी येऊ नका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी असला की मी लाकडाकडं बघत न्हाई. तुमच्याकडं बघती."

मी बरं म्हणालो. गाडी आली.

तिला आता काम पुरतं, असं बिराप्पा सांगतो. जतच्या बाजूला दोन-तीन गावांत ती जाते. तिच्या हातच्या कितीतरी चौकटी उभ्या राहिल्या असतील. त्यातली एकही मी पाहिलेली नाही.